ढिगाऱ्याखालचा नाला

हा एपिसोड ऐकायचा राहिला असेल, किंवा बसमध्ये नेटवर्क गेलं असेल, तर नेहमीसारखं इथे लिहून टाकतोय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

सुरुवात एका प्लॉटपासून. माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, चंद्रपूर जिल्ह्यात एका ओपनकास्ट कोळसा खाणीशेजारच्या गावात राहतो. सिमेंट कारखान्यात कामाला आहे. डिसेंबरात त्याचा फोन आला. गावाच्या कडेला प्लॉट मिळतोय, बाराशे स्क्वेअर फूट, भाव गावातल्या भावाच्या निम्मा. प्लॉटच्या मागे सुका नाला आणि नाल्याच्या मागे खाणीतल्या मातीचा डोंगर. दादा म्हणाला, "तू इंजिनियर हायेस ना? मंग येऊन पाय अन् सांग मले, घेऊ का नाही घेऊ?"

आता मी इंजिनियर आहे ते कॉम्प्युटरचा. माझ्या बीटेकमध्ये मातीचा संबंध हॉस्टेलच्या क्रिकेट ग्राउंडपुरताच आला. पण आमच्या घरात बीटेक म्हणजे बीटेक; फ्रिज बिघडला तरी मलाच विचारतात. गेलो. आणि तो ढिगारा बघितल्यावर तीन महिने दुसरं काही वाचलंच नाही. हा एपिसोड त्यातूनच आलाय.

मी बुलढाणा जिल्ह्यातला, नांदुरा तालुक्यातला. आमच्याकडे कोळशाची खाण नाही, पण कोळसा रोज बघत मोठा झालो, कारण आमच्या गावाजवळून मुंबई-हावडा लाइन जाते. लहानपणी आम्ही मालगाडीचे डबे मोजायचो. कधी ५८, कधी ५९. कोळशाने भरलेल्या गाड्या भुसावळकडे, दीपनगरच्या वीज केंद्राकडे जायच्या. शेगावच्या पलीकडे पारसलाही तसंच केंद्र आहे. आमच्या घरचा पंखा त्या कोळशावर फिरतो एवढं शाळेत कळलं होतं. पण एक प्रश्न कधी पडला नाही. कोळसा इकडे आला, मग त्याच्यावरची माती कुठे गेली?

या प्रश्नाचं उत्तर समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे इंग्रजांना एकोणिसाव्या शतकात कळलं, आणि १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली. आज वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, पण वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे नेली गेली ती कोळशासाठी. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, पुढे बल्लारपूर वगैरे सुरू झाल्या. या सगळ्या भूमिगत खाणी. बोगदा खणायचा, खांब सोडायचे, कोळसा वर आणायचा. वर येणारी माती-दगड थोडी. त्या खाणींचा धोका पायाखाली राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, तो व्हिडिओ तुम्हाला आठवत असेल. खाली जुनी भूमिगत खाण होती.

१९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिची नागपूरची कंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. विदर्भातले पेपर तिला वेकोलि म्हणतात. आणि त्यानंतर हळूहळू सगळं उलटं झालं. खाली जायचं नाही, वरचं सगळं उचलून बाजूला टाकायचं. याला ओपनकास्ट म्हणतात, आणि जे उचलून टाकतात त्याला ओव्हरबर्डन. तिथल्या लोकांच्या तोंडी नुसतं "ओबी". वेकोलिच्या खाणींत एक टन कोळशामागे साधारण चार-पाच घनमीटर ओबी निघते, काही ठिकाणी त्याहून जास्त. कंपनीचं अलीकडचं वार्षिक उत्पादन ६ कोटी टनांच्या वर आहे. गुणाकार तुम्हीच करा. म्हणजे आपण ज्याला कोळशाची खाण म्हणतो ती आकाराने बघितली तर मातीची खाण आहे, कोळसा मध्ये सापडतो.

ही माती नुसती माती नसते. वर काळी कपाशीची जमीन, खाली चिकणमाती, मग वालुकाश्म, शेल. शॉवेल भरतं, डंपर नेतो, कडेला जाऊन मागे ओततो, डोझर लोटतो. असं वर्षानुवर्षं.

इथे खामगावच्या मार्केट यार्डात जाऊ. सोयाबीनची रास बघितली असेल. वरून ओतत राहिलं तरी रास एका ठराविक उताराच्या पुढे चढत नाही, दाणे घरंगळून बाजूला पसरतात. कापसाच्या गंजीचं वेगळं, तुरीच्या राशीचं वेगळं, पण प्रत्येक गोष्टीचा आपला एक उतार असतो. इंजिनियर त्याला विरामकोन म्हणतात. खाणीच्या सुट्या ओबीचा तो साधारण ३५-३७ अंशांच्या आसपास असतो. आपल्याकडच्या कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये हेच आहे: ढिगाऱ्याचा उतार कुठल्याही परिस्थितीत साडेसदतीस अंशांपेक्षा जास्त नको. ढिगारा ३० मीटरपेक्षा उंच असेल तर पायऱ्या पाडा, एक पायरी ३० मीटरच्या वर नको, आणि एकूण उतार एकाला दीड, म्हणजे एक मीटर उंचीला दीड मीटर आडवं अंतर. हिशोब केला तर ते ३४ अंशांच्या जरा आत येतं.

मला वाटलं, झालं. मोबाइलवर कोन मोजणारं ॲप आहे, ढिगाऱ्याचा कोन मोजू आणि दादाला उत्तर देऊ. मोजलाही. ३१-३२ अंश आला. पास!

आणि इथेच मी चुकलो होतो. कारण ढिगारा कोनामुळे पडतो हे अर्धंच खरं आहे.

आता वेल्समध्ये जायचंय. अॅबरफॅन नावाचं खाणकामगारांचं गाव. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. सहामाही सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. पँटग्लास शाळेतली पोरं नुकतीच वर्गात बसली होती. गावाच्या वर डोंगरावर खाणीच्या मातीचे सात ढिगारे होते, त्यातला सातवा घसरला. १४४ माणसं मेली. त्यातली ११६ मुलं.

तो ढिगारा सुमारे १११ फूट उंच होता. चंद्रपूरकर हसतील एवढ्यावर, आपल्याकडच्या कित्येक ढिगाऱ्यांची एक पायरी तेवढी असते. मग तो पडला का? कारण १९५८ मध्ये तो जिथे टाकायला घेतला तिथे खाली झरे होते, ओढा होता. ते कोणाचं गुपित नव्हतं, सरकारी नकाशावर छापलेलं होतं. दुर्घटनेनंतर कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स म्हणाले की झऱ्यांची कल्पना नव्हती. चौकशीत ते टिकलं नाही.

झरा असला तर काय होतं? कोरड्या ढिगाऱ्यात दगडाला दगड, कणाला कण घासून धरून ठेवतो. वरचं वजन जितकं जास्त तितकी ती पकड घट्ट. आता खालून पाणी शिरलं आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग ते पाणी कणांच्या मधल्या फटींत दाबाने भरतं आणि वरचं थोडं वजन स्वतःच तोलून धरतं. म्हणजे कणांच्या पकडीवर येणारा भार कमी झाला, पकड सुटली. बाहेरून ढिगारा तोच, कोन तोच, वर गवतसुद्धा उगवलेलं. माझ्या ॲपला तो पासच दिसणार.

हे गणित कार्ल तेरझागी नावाच्या माणसाने मांडलं. प्राग शहरात जन्मलेला, इस्तंबूलला शिकवायचा. पैसे नव्हते म्हणून सिगारच्या रिकाम्या खोक्यांतून उपकरणं बनवून त्याने मातीतल्या पाण्याचा दाब मोजला आणि १९२५ मध्ये पुस्तक काढलं. आज जगभर सिव्हिलची पोरं त्याच्या नावाने रडतात. पण तारीख बघा. १९२५. अॅबरफॅन १९६६. म्हणजे एक्केचाळीस वर्षं आधी माहीत होतं.

आणि हे नुसतं पुस्तकात माहीत होतं असंही नाही. साउथ वेल्समध्येच १९२७ मध्ये जॉर्ज नॉक्स नावाच्या प्राध्यापकाने दरडींवर निबंध वाचला होता. त्याचा आशय असा की पाणी काढण्यावर पैसे खर्च केले नाहीत तर दरडींवर करावे लागतील. डिसेंबर १९३९ मध्ये किलफिनिथ इथे एक मोठा ढिगारा घसरला, रस्ता आणि नदी अडवली. माणसं वाचली ती नशिबाने. त्यानंतर पॉवेल डफ्रिन या खाण कंपनीने एक टिपण तयार केलं: ढिगारे का घसरतात, पाण्यावर का टाकायचे नाहीत. १९४७ मध्ये तिथल्या खाणी सरकारी झाल्या. कंपनी गेली, टिपण कुठल्या तरी कपाटात राहिलं. १९६५ मध्ये दुसऱ्या एका ठिकाणी ढिगारा घसरल्यावर ते परत फिरवलं गेलं. आणि तरीही सातव्या ढिगाऱ्याजवळ जाऊन कोणी नीट बघितलं नाही.

मी हे वाचलं तेव्हा हसूच आलं, कडवट. कारण आमच्या धंद्यात हे दर आठवड्याला होतं. टीम बदलते, प्रोजेक्ट दुसऱ्याकडे जातो, आणि "हे बटण दाबू नका" असं लिहिलेलं डॉक्युमेंट कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहतं. फरक एवढाच की आमच्याकडे सर्व्हर पडतो.

अॅबरफॅनचं सगळ्यात टोचणारं प्रकरण पत्रांचं आहे. १९६३ मध्ये स्थानिक पालिकेच्या इंजिनियरने शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल लेखी कळवलं होतं. आयांनीही शाळेत पाणी येतं म्हणून अर्ज दिला होता. पत्रांची उत्तरंही आली, गोड भाषेत. चौकशी आयोग ७६ दिवस चालला. १९६७ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की यात दुष्टपणा नव्हता. अज्ञान होतं, नाकर्तेपणा होता, आणि कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. एकाही माणसाची नोकरी गेली नाही. उलट उरलेले ढिगारे हटवायला लोकांनी मृतांच्या कुटुंबांसाठी जमवलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळाले १९९७ मध्ये. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला.

मध्येच एक सांगतो. "हे तिकडचं" असं म्हणू नका. माळीण, ३० जुलै २०१४, १५१ माणसं. इर्शाळवाडी, जुलै २०२३. ते नैसर्गिक डोंगर होते, पण पाण्याने पकड सोडवण्याची तऱ्हा तीच. खाणींचं बोलायचं तर जयंत खाण, सिंगरौली, १७ डिसेंबर २००८, ढिगारा सरकला, पाच जण गेले. २९ डिसेंबर २०१६, झारखंडमधली राजमहल खाण, २३ कामगार. तिथे तर नुसती टाकलेली माती नाही, ढिगाऱ्याखालची घट्ट जमीनसुद्धा सरकली. आणि आपल्या वेकोलिची कवडी ओपनकास्ट, २४ जून २०००. तिथे ढिगारा नव्हता, खाणीची कड कोसळली. दहा जण.

तारखा परत वाचा. जयंत आणि राजमहल दोन्ही डिसेंबरातल्या. मी आधी समजत होतो की पावसाळा सरला की धोका सरला. पण ढिगारा म्हणजे स्पंज. जुलैत प्यायलेलं पाणी तो हळूहळू महिनोन्महिने खाली सोडत राहतो, आणि काही ढिगारे नुसत्या पाण्यानेच पडतात असंही नाही. तळ कमकुवत असला तरी पुरतं.

तळ म्हणजे काय, तर आपली काळी जमीन. बुलढाण्याच्या माणसाला हे शिकवायला नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चपलेला किलोकिलोने चिकटते. आमचे आजोबा धुऱ्याजवळ विहीर खोदली तेव्हा निघालेला मुरूम आधी काळी माती खरवडून मगच टाकायला लावायचे. म्हणायचे, काळीवर दगड बसत नाही, पोहतो. आजोबा चौथी शिकलेले. वर्धा खोऱ्यातही वर हीच काळी माती. ती न काढता तिच्यावर साठ-सत्तर मीटरचा डोंगर रचला की ओल्या साबणावर विटा रचल्यासारखं होतं. नियमातही वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायला सांगितलंय. शेतीसाठी तर ते हवंच, पण ढिगाऱ्याच्या पायासाठीही ते तितकंच कामाचं.

मग चांगला ढिगारा कसा असतो? मी जेवढं समजलो ते असं. जागा निवडताना नाला, झरा टाळायचा. टाळता येत नसेल तर आधी त्याला दुसरीकडून वाट करून द्यायची. तळाला मोठे दगड, म्हणजे पाणी झिरपून निघून जाईल. पायऱ्या आतल्या बाजूला किंचित उतरत्या, त्यांच्या कडेने नाली, नालीतलं पाणी बांधीव घसरगुंडीवरून खाली. ढिगाऱ्याभोवती गळ्यातल्या माळेसारखी नाली, तिला खाणवाले गार्लंड ड्रेनच म्हणतात. पायथ्याला जाळीत भरलेल्या दगडांची भिंत, जी माती अडवते आणि पाणी सोडते. नालीच्या शेवटी गाळ बसायला तळं. वर गवत, झाडं. यात रॉकेट सायन्स काही नाही. फक्त नाली दरवर्षी मे महिन्यात उपसावी लागते, आणि ते कंटाळवाणं काम कुठल्याच उद्घाटनात येत नाही.

चंद्रपूरला इरई नदीचं दुखणं याच्याशीच जोडलेलं आहे. २००६, २०१३, २०२२, शहरात पूर शिरला. पुराला धरणाचे दरवाजे, पाऊस, वर्धा नदीची फुग अशी बरीच कारणं असतात, एकट्या ओबीवर खापर फोडणं सोपं पण अपुरं. तरी नदीकाठच्या ढिगाऱ्यांनी पात्र अरुंद केलं आणि वाहून आलेल्या मातीने ते उथळ केलं, ही चंद्रपूरकरांची तक्रार जुनी आहे, आणि मला ती पटते. ढिगारा एका रात्रीत कोसळला तरच बातमी होते. तो दर पावसाळ्यात थोडा थोडा नदीत जातो त्याची होत नाही.

एक चांगली गोष्टही सांगतो, कारण न सांगणं अप्रामाणिक होईल. नागपूरजवळच्या भानेगाव आणि गोंडेगाव खाणींत वेकोलिने ओबी धुऊन त्यातून वाळू काढायला सुरुवात केली. ती घरकुलांच्या बांधकामाला गेली. नदीतली वाळू वाचते, ढिगारा कमी होतो. एवढ्या डोंगरांपुढे ते कमी आहे, पण दिशा बरोबर वाटते.

आता दादाच्या प्लॉटवर परत. कोन मोजून मी खूश झालो होतो ते डिसेंबरात. हे सगळं वाचून मार्चमध्ये पुन्हा गेलो. यावेळी ढिगाऱ्याकडे बघितलंच नाही, नाल्याकडे बघितलं. दादाला विचारलं, हा नाला येतो कुठून? तो म्हणाला, "वरतून." वरतून कुठून? आम्ही चालत गेलो. नाला दोन-तीनशे मीटरवर ढिगाऱ्याच्या पोटात शिरत होता आणि संपत होता. मामांनी जुना गाव नकाशा काढून आणला. त्यावर निळी रेघ सरळ पुढे जाते, जिथे आज डोंगर आहे त्याच्या बरोबर मधून. मामा म्हणाले, त्यांच्या लहानपणी तिथे उन्हाळ्यातही गुरं पाणी प्यायची.

आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, भर मार्चमध्ये, बाजूचं सगळं गवत करपलेलं असताना एका ठिकाणी हिरवंगार पाणकणीस उभं होतं. शेजाऱ्याची म्हैस तिथे बसलेली, निवांत. गार्लंड ड्रेन होती, पण तिच्यात बाभळी उगवल्या होत्या.

मी दादाला सांगितलं की मी सिव्हिलवाला नाही, हा ढिगारा पडेल की नाही ते मला सांगता येणार नाही, ते आत नळ्या घालून पाण्याचा दाब मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. पण माझे पैसे असते तर मी टोकन दिलं नसतं. दादा गप्प बसला. विकणारा म्हणत होता दिवाळीनंतर भाव वाढेल, बारा वर्षं झाली ढिगाऱ्याला, काही झालं का? वहिनी म्हणाल्या, घरभाडं पण दर महिन्याला जातेच नं भाऊ. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: एक पावसाळा बघायचा. तोवर दादाने नाल्याचा जुना नकाशा, पाणकणसाचा फोटो आणि बुजलेल्या नालीचा फोटो लावून संबंधित कार्यालयात अर्ज दिला. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पोच घे, शिक्क्यासह, तारखेसह. दोन, पहिला मोठा पाऊस झाला की पायथ्याच्या पाण्याचा फोटो पाठव. पाणी नितळ असलं तर ते नुसतं झिरपतंय. गढूळ असलं तर ते ढिगाऱ्याच्या आतली माती सोबत घेऊन येतंय.

पोचेचा फोटो एप्रिलमध्ये आला. दुसरा फोटो परवा आला, २३ जूनला, रात्रभर पाऊस पडल्यानंतर. स्टीलच्या ग्लासात भरलेलं पाणी, मागे दादाचं बोट, आणि खाली एक ओळ: "चहा वाटते पण चहा नोहे."

गुरुवारी सुट्टी टाकून पुन्हा जातोय. यावेळी नागपूरच्या कॉलेजातला एक सिव्हिलचा मित्र सोबत येतोय, आणि अर्जाची दुसरी प्रत. काय झालं ते पुढच्या एपिसोडला सांगतो. तुमच्या गावाजवळ असा ढिगारा असेल, खाणीचा, रस्त्याच्या कटिंगचा, कशाचाही, तर त्याखाली आधी काय होतं ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू.